बंबाची कूळकथा



आज तुमच्यापुढे एका भांड्याची हकिगत घेऊन आलो आहे. घरात सगळ्यांच्या आधी हे उठतं, पहाटे पोटात विस्तव घेऊन परसात उभं राहतं, आणि सगळ्यांची अंघोळ उरकली की दिवसभर कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. हा आपला बंब. शिक्षक बंधुभगिनींना वाटेल, इतिहासाच्या भाषणात बंबाचं काय काम? इतिहास म्हणजे गड, लढाया आणि सनावळ्या! पण बारामतीहून इंदापूरच्या वाटेने निघालं, की लागणाऱ्या काटेवाडीसारख्या एखाद्या गावात उभं राहून विचारा, "इथं अंघोळीचं पाणी तापतं कशावर, कसल्या जळणावर, आणि ते पाणी आलं कुठून?" या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्या गावाचा दीडशे वर्षांचा इतिहास निघतो.

पाण्यापासून सुरुवात करू. हा मुलूख पर्जन्यछायेतला. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिते होतात आणि इकडे उरलासुरला शिडकावा येतो. जुन्या काळी इथं पिकायची ती बाजरी आणि शाळू. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ झाला आणि त्यानंतर सरकारने भाटघरचं धरण बांधायला घेतलं. नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात वाहू लागला. पुढे भाटघरला जुन्या धरणापेक्षा बरंच मोठं धरण झालं, ते १९२८ साली पुरं झालं. कालव्याबरोबर ऊस आला, उसाबरोबर गुऱ्हाळं आली. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, आणि १९५० च्या दशकात सहकारी कारखानदारी या भागात आली. आज काटेवाडीहून भवानीनगरचा कारखाना हाकेच्या अंतरावर आहे, म्हटलं तरी चालेल.

आता तुम्ही म्हणाल, यात बंब कुठं आला? येतो, जरा दम धरा.

कालव्याच्या आधीच्या घरात बंब असणं अवघडच. पाणी विहिरीचं, शेंदून आणलेलं, घागर-घागर मोजून वापरायचं. जळण म्हणजे जोंधळ्याची धसकटं, बाभळीचे काटे-ढलपे आणि थापलेल्या गोवऱ्या. तेव्हा पाणी तापायचं ते चुलीच्या वैलावर. पुढच्या तोंडावर भाकरी भाजायची आणि मागच्या वैलावर तपेल्यात पाणी ठेवायचं, म्हणजे वाया जाणारी आच कामाला येई. आपल्या आज्या-पणज्यांची ही काटकसर कुठल्या पुस्तकातून आलेली नव्हती. घरात माणसं जास्त असली तर परसात तीन दगड मांडून वर हंडा चढवायचा. बाळंतिणीला आणि म्हाताऱ्याला कढत पाणी, बाकीच्यांनी विहिरीवर जावं, हा सर्वसाधारण रिवाज.

श्रीमंतांची गोष्ट निराळी. देवगिरीच्या किल्ल्यात शाही हमाम आजही पाहायला मिळतो. पण हमाम म्हणजे एक आख्खी इमारत, आणि तिला जळण पुरवायला माणसं. सामान्य घराला हवं होतं ते दोन हातांत उचलून ठेवता येईल असं काहीतरी. ते दिलं तांबटांनी.

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तांब्याचा पत्रा ठोकून त्यावर बारीक ठोक्यांची नक्षी उठवणारे कारागीर तिथे पिढ्यान् पिढ्या नांदत आले. त्यांच्या हातचा बंब म्हणजे काय, ते पाहा. बाहेरून तांब्याचं उभं पिंप, मधोमध खालपासून वरपर्यंत गेलेलं नळकांडं. नळकांड्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. जळण वरून नळकांड्यात टाकायचं, पाणी भोवतालच्या पोकळीत भरायचं, आणि बाजूला पितळी तोटी. झालं! पण यातली खुबी अशी, की विस्तव पाण्याच्या पोटात आहे. हंड्याखालच्या चुलीतली आच चहूबाजूंनी निसटते. बंबातल्या आचेला निसटायचं झालं तरी पाण्याच्या भिंतीला घासूनच वर जावं लागतं. रशियातला चहाचा समोवर आणि काश्मिरातला समावार हे याच जातीचे. 'बंब' या शब्दाचं नातं पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पंप या शब्दाशी जोडतात. आग विझवणारा तोही बंब आणि पोटात आग बाळगणारा हाही बंब, अशी आपल्या भाषेची गंमत आहे.

थोडा हिशेब करू, म्हणजे शाळेत गणिताच्या तासालाही उपयोगी पडेल. बादलीभर, म्हणजे वीस लिटर पाणी, वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यायचं, तर उष्णता लागते पाचशे किलोकॅलरी. एक किलो सुक्या लाकडात साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. म्हणजे एका किलोत सात बादल्या तापायला हव्यात. पण तीन दगडांच्या चुलीत दहातला जेमतेम एक-दीड भाग पाण्याला मिळतो, बाकी वाऱ्यावर. त्यामुळे एका बादलीला किलोभर, कधी त्याहून जास्त लाकूड जातं. सहा माणसांच्या घरात रोज सहा-आठ किलो नुसतं अंघोळीपायी! ही मोळी कुणाच्या डोक्यावरून घरी येत होती, हे मी सांगायला नको. आया-बहिणींच्या मानेला ठाऊक आहे. बंबाने ते ओझं बरंच हलकं केलं.

कालव्याच्या गावांत उसाने जळणाचा प्रश्न आणखी सोपा केला. पाचट, चिपाड, तुरकाठ्या, भुईमुगाची टरफलं, काहीही नळकांड्यात टाकलं तरी बंब पेटतो. हातात पैसा खेळू लागला तसा तांब्याचा बंब दारी आला. लेकीच्या रुखवतात, आंदणात तो मिरवू लागला. ज्याला तांबं परवडेना त्याने पत्र्याचा घेतला.

पण मंडळी, कालव्याने एका हाताने दिलं, तसं दुसऱ्या हाताने एक दुखणंही दिलं. बारमाही पाणी भरलेल्या काळ्या जमिनीत निचरा होईना. जमिनीतलं पाणी वर आलं आणि त्याबरोबर क्षारही वर आले. हिरव्यागार उसाच्या शेजारी पांढरी फटक, चोपण झालेली रानं दिसू लागली. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरोल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरेच्या खोऱ्यातल्या या खार जमिनींचा अभ्यास करून १९१० साली तो छापला. म्हणजे कालवा वाहू लागून पुरती तीस वर्षंही झाली नव्हती. शेतकऱ्याला जे रानात दिसलं, ते घरच्या बाईला बंबात दिसलं. आपल्या खडकात आणि मुरमात चुनखडी मूळचीच आहे. विहिरीचं पाणी तिच्यातून झिरपत येतं, ते जड होतं. जड पाणी तापलं की त्यातला चुना सुटा होतो आणि भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटतो. रोज कागदाइतका पातळ थर. वर्षाने पाहावं तर अंड्याच्या कवचासारखं पांढरट-पिवळं अस्तर बसलेलं!

हा थर दिसायला गरीब, पण मोठा लबाड. तांब्यातून आच जितकी झपाट्याने जाते, त्याच्या शेकडो पटीने ती या थरातून सावकाश जाते. मग होतं काय? जळण वाढवलं तरी पाणी कोमटच. नळकांड्याचा पत्रा मात्र पाण्याचा गारवा न मिळाल्याने तापून लाल होतो आणि पहिल्यांदा सांधा सोडतो. बंब गळायला लागला की आपण तांबटाला दोष देतो. त्या बिचाऱ्याची चूक नसते. चूक असते ती आपल्या आळसाची.

माझ्या लहानपणी एक पराक्रम मी स्वतः केला आहे, तो कबूल करून टाकतो. थंडीचे दिवस. वडीलधारी मंडळी उठायच्या आत आपण बंब पेटवून शाबासकी मिळवावी, म्हणून अंधारात चिपाडं कोंबली, रॉकेलचा बोळा टाकला आणि काडी ओढली. बंब आदल्या दिवशी रिकामा केला होता, हे कुणाला माहीत! थोड्या वेळाने तोटीजवळचा डाग वितळून टपटप खाली पडला आणि तोटी वाकडी मान करून लोंबू लागली. कथील तर सव्वादोनशे-अडीचशे अंशांतच पातळ होतं, शिशाची भेसळ असेल तर त्याहूनही आधी. शाबासकी काय मिळाली असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. आजी एवढंच म्हणाली, "आधी पाणी, मग काडी."

पुढे विजेचा रॉड आला, गीझर आला, सगळं आलं, पण आजीचा तो नियम तसाच राहिला. बादलीत रॉड सोडायचा तो बटण बंद असताना, पाणी पुरतं भरल्यावर. आणि पाण्यात हात घालायचा तोही बटण बंद करून, पिन काढल्यावरच. पाणी तापलं का हे बोटाने पाहण्याच्या नादात माणसं गेलेली आहेत.

बंबाच्या निगराणीचं एक वेळापत्रक आपल्या रीतीभातींतच होतं, तेही सांगतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी बंब बाहेर काढायचा. चिंच, मीठ आणि राखेने तो लखलखीत घासायचा. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळा-हिरवा थर विरघळवून टाकतं. नळकांड्यातली काजळी काठीला चिंधी बांधून काढायची, जाळी झटकायची, आत चिंचेचं नाहीतर लिंबाचं पाणी भरून ठेवून थर मऊ करायचा, आणि लाकडी मोगरीने बाहेरून हलके ठोके द्यायचे म्हणजे खपल्या सुटतात. मग ताजं पाणी भरायचं, बंबाला चुन्या-गेरूची बोटं ओढायची आणि झेंडूची माळ घालायची. आपण म्हणतो सण. कारखान्यातला इंजिनियर त्याला म्हणेल वार्षिक दुरुस्ती. बंबाला आतून कल्हई लागते का, असं पुष्कळजण विचारतात. लागत नाही. कल्हई लागते ती आंबट-तिखट शिजवायच्या भांड्यांना, कारण आंबटाने तांबं कळंकतं आणि अन्नात उतरतं. न्हाण्याच्या पाण्याला ती भीती नाही. बंबातलं पाणी प्यायचं मात्र नाही.

कारखान्याचा विषय निघाला म्हणून जरा थांबतो. भवानीनगरला काय किंवा वालचंदनगरला काय, वाफ करणारे जे प्रचंड बाष्पक असतात, ते बंबाचेच थोरले भाऊ. फरक एवढाच, की ते बंद असतात आणि आत वाफ कोंडलेली असते. कलकत्त्याला १८६३ साली असा एक बाष्पक फुटून माणसं मेली, तेव्हा १८६४ साली बंगालात त्यांच्या तपासणीचा कायदा झाला. सबंध देशासाठी एकच कायदा १९२३ साली आला. साखर कारखान्यात बाष्पकाला सहसा विहिरीचं कच्चं पाणी घालत नाहीत. वाफ थंड होऊन झालेलं शुद्ध पाणीच पुन्हा फिरवतात, कारण थर बसला की नळी जळते. रस आटवण्याच्या नळ्यांतही थर बसतो, आणि ऐन हंगामात ठरावीक दिवसांनी काम थांबवून त्या नळ्या कॉस्टिक सोड्याने उकळून, ब्रशाने घासून काढतात. एवढा मोठा कारखाना थरापुढे हात जोडतो, तिथे आपल्या न्हाणीतल्या गीझरची काय कथा!

काटेवाडीत या कढत पाण्याशी आणि खाराशी जुनं नातं असलेले आणखी एक आहेत. तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसरकडे जाताना काटेवाडीत येते, तेव्हा परीट बांधव तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. हजारो माणसं ते पाहायला जमतात. त्या शुभ्र धोतरांमागे परटाची भट्टी आहे. जुना परीट कपडे खाऱ्या मातीत, नाहीतर सोड्यात भिजवून भट्टीच्या वाफेवर चढवी. ज्या खाराने शेतकऱ्याचं रान बुडवलं, त्याच जातीच्या खाराने परटाचं धोतर उजळलं! जड पाण्यात साबण फेसाळत नाही, त्याचा चिकट साका होतो. सोडा घातला की पाण्यातला चुना खाली बसतो आणि साबण मोकळा होतो. हे रसायनशास्त्र त्याच्या हातात फार आधीपासून होतं.

आता गीझरकडे वळू. हा शब्द आइसलंडमधल्या एका उसळत्या उन्हाळ्याच्या नावावरून आला. आपल्याकडे वज्रेश्वरीला जशी ऊन पाण्याची कुंडं आहेत तसाच, पण तिथे पाणी कारंज्यासारखं उडतं. लंडनमधल्या बेंजामिन वॉडी मॉन नावाच्या रंगाऱ्याने १८६८ साली गॅसवर वाहतं पाणी तापवणारं यंत्र केलं आणि त्याला हे नाव दिलं. यंत्र मोठं झटपट होतं, पण त्याला धुराडं नव्हतं. ज्योतीचा सगळा वायू न्हाणीघरातच. जे आपल्या अशिक्षित म्हणवणाऱ्या तांबटाला सुचलं, ते त्याला सुचलं नाही. आमचा बंब परसात असतो आणि त्याचं नळकांडं आभाळाकडे उघडं असतं.

हे मी थट्टेने सांगत नाही. आजही बंदिस्त न्हाणीघरात सिलिंडरचा गॅस गीझर लावून, थंडी वाजते म्हणून खिडकी गच्च लावून अंघोळीला गेलेली माणसं आत मरून पडल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. कोळशाची शेगडी वा पेटलेला बंब आत घेतला तरी तेच. हवा अपुरी पडली की जळणातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात, आणि कडी काढायला उठावं तर उठवत नाही. म्हणून गॅसचा गीझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावावा आणि पाणी नळीने आत घ्यावं. घरात कुणी अंघोळीला जाऊन नेहमीपेक्षा उशीर झाला तर हाक मारायला लाजू नये. हाकेला ओ आली नाही तर दार फोडायलाही लाजू नये. आतल्या माणसाला आधी उघड्या हवेत आणावं, बाकीचं मग.

विजेचा गीझर त्या मानाने निरुपद्रवी, पण त्यालाही आपल्या विहिरींचं पाणी सोडत नाही. १९६० साली राज्य विद्युत मंडळ झालं, १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली, आणि हळूहळू खेड्यांत तारा आल्या. आधी आल्या त्या विहिरीवरच्या मोटारीसाठी. न्हाणीघराचा नंबर फार उशिरा लागला. गीझरच्या आत तापणारी कांब असते. तिच्यावर थर बसला की ती आतल्या आत भाजून फुटते. पाणी साठ अंशांच्या पुढे तापवलं तर चुना जास्तच सुटतो, म्हणून काटा पंचावन्न-साठावर ठेवावा. वर्षातून एकदा, विशेषतः पावसाळा संपल्यावर, जाणत्या माणसाकडून वीज तोडून टाकी रिती करावी, कांब काढून थर उतरवावा. टाकीत एक मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीऐवजी ती स्वतः गंजते, टाकीसाठी जीव देते म्हणा ना. ती झिजली असेल तर बदलावी. आणि दाब वाढला की पाणी सोडणारी जी झडप असते, ती गळते म्हणून कुणी खुंटी ठोकून बंद करू नये. कलकत्त्याची गोष्ट मघाशी सांगितली ती याचसाठी. अर्थिंग नीट आहे की नाही हे पाहिल्याशिवाय तर गीझर लावूच नये.

शेणाचा गॅसही आपल्या मुलखात जुना. मुंबईत माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस करीत होते, आणि १९५१ साली जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचा गोबर गॅसचा घाट बसवला. ज्यांच्या गोठ्यात चार जनावरं आहेत त्यांनी गोवऱ्यांऐवजी तो विचार करावा, कारण गॅस जळूनही खत शिल्लक राहतं. सूर्याचा बंब तर त्याहूनही आधीचा. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने १८९१ सालीच काचेच्या पेटीत काळ्या टाक्या ठेवून पाणी तापवलं आणि त्याचं एकस्व घेतलं. आपल्या उन्हाच्या देशात त्याला घराच्या माळवदावर यायला शंभर वर्षं लागावीत, हे थोडं नवलच. त्यालाही जळण लागत नाही, पण काचेवरची धूळ पुसावी लागते आणि जड पाण्याने बारीक नळ्या तुंबतात, हे विकणारा सांगत नाही. मी सांगून ठेवतो.

शिक्षकांना एक सुचवायचं आहे. गावातल्या गीझर दुरुस्त करणाऱ्याकडून एखादी जळकी, थर बसलेली कांब मागून आणा. तो फुकट देईल. एका बाटलीत पावसाचं पाणी, दुसरीत गावच्या विहिरीचं, तिसरीत कालव्याचं घ्या. तिन्हींत सारखाच साबण किसून टाका आणि मुलांना बाटल्या हलवायला लावा. फेस कुणात किती वर चढला ते पट्टीने मोजू द्या. मग कांबेवरची एक खपली काढून तिच्यावर लिंबू पिळा. ती फसफसू लागेल. बुडबुडे दिसतील तो कार्बन डायॉक्साइड, आणि खपली हळूहळू नाहीशी होईल. ज्या मुलांच्या घरी अजून बंब असेल, त्यांना घरी जाऊन आत हात घालून पाहायला सांगा. बंब थंड आहे ना, हे आधी विचारून घ्या म्हणजे झालं.